इतिहासाच्या बाईंचा रंग

आमच्या शाळेतल्या इतिहासाच्या बाई गेल्या जानेवारीत वारल्या. मोहोपाड्याच्या या शाळेत मी ग्रंथपाल आहे. वीस वर्षं मधल्या सुट्टीत आम्ही दोघी वाचनालयाच्या टेबलाशी समोरासमोर बसून डबे खात होतो. बोलताना मी त्यांना एकेरीच हाक मारायचे. लिहायला बसले की मात्र हाताला ‘बाई’च येतं.

बाई मुरूडकडच्या सिद्दी. कित्येक पिढ्यांपूर्वी आफ्रिकेतून विकून आणलेल्या किंवा गलबतांवर चाकरीला आलेल्या माणसांच्या वंशातल्या. त्यांच्या पूर्वजांनी समुद्रातला किल्ला कुणालाही घेऊ दिला नाही. आमच्याकडच्या मुलांना मात्र सिद्दी हा शब्द पहिल्यांदा भेटतो तो पुस्तकात, आणि तिथे तो शत्रू असतो. दरवर्षी सातवीत तो धडा यायचा आणि दरवर्षी कुणाची तरी नजर पुस्तकावरून उठून बाईंच्या चेहऱ्यावर जायची. वर्ग आणि वाचनालय यांच्यामध्ये नुसतं प्लायवूड होतं. मला सगळं ऐकू यायचं.

“बाई, तुमी यांच्यातल्या ना?”

“हो. वाच पुढे.”

“मंग तुमी कुनाच्या बाजूला?”

“मी फळ्याच्या बाजूला. दिसत नाही का रे?”

वर्ग हसायचा. गावं लुटल्याचं वाक्य बाईंनी कधी गाळलं नाही. उलट ते दोनदा वाचायला लावायच्या. मग पुस्तक मिटून दुसऱ्या एका हबशाची गोष्ट सांगायच्या. लहानपणी विकला गेलेला, या बाजारातून त्या बाजारात, मालक बदलत बदलत दख्खनेत पोहोचलेला आणि शेवटी निजामशाहीचा वजीर झालेला. त्यानं जमिनीखालून नहरी काढून शहरात पाणी आणलं, शेताचा कस बघून सारा ठरवायची पद्धत बसवली. “परीक्षेत एवढं विचारणार नाहीत,” त्या म्हणायच्या, “पण घरी जाऊन सांगा.” मुलं सांगत असणार. कारण बाजारात भाजी घेताना एका आजीनं बाईंना थांबवून विचारलं होतं, “तो वजीर तुमचा कोन लागतो गं?” बाई चार दिवस ते आठवून हसत होत्या.

बाई पनवेलच्या इस्पितळातच वारल्या. त्यांना तिथूनच गावी नेलं. मी मुरूडला पोहोचले तेव्हा घरात बायका कुराण वाचत बसल्या होत्या. दफन होऊन तास झाला होता. बाईंच्या मोठ्या बहिणीनं, आपांनी, मला शेजारी बसायला जागा करून दिली आणि पाठीवर हात ठेवला. चेहरा पाहायचा राहिला तो राहिलाच.

आठवड्यानं शाळेनं शोकसभा ठरवली. फाटकावर श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावायचा होता. नाक्यावर फ्लेक्सचं दुकान आहे, ते साजगावच्या एका मुलाचं, बाईंच्याच माजी विद्यार्थ्याचं. आता तिशीचा गडी, पण बाईंचं नाव काढलं की डोळे भरून येतात. शाळेच्या सहलीचा एक जुना फोटो मी त्याला दिला. त्यानं बाईंचा चेहरा कापून वेगळा केला, मोठा केला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली.

“बघा मॅडम, जरा ब्राइट केलंय. नाय तर प्रिंटला एकदम काळं येतं. आपल्या बाई छान दिसायला पायजेत.”

मी पाहिलं. बाई गव्हाळ झाल्या होत्या. गालांवर तुकतुकी आली होती.

“छान आहे,” मी म्हणाले.

त्या क्षणी मला ते खरंच छान वाटलं. हे एक वाक्य लिहायला मला दोन महिने लागले.

सभेच्या दिवशी आपा पहाटेच्या एसटीनं निघून दुपारी पोहोचल्या. मी फाटकाशीच उभी होते. फ्लेक्सवाला शेवटची दोरी बांधत होता. आपा फ्लेक्सपुढे थांबल्या.

“आज दुसऱ्या कुनाची पन सभा हाय का गं?”

“नाही आपा. आपल्याच...”

त्या जवळ गेल्या आणि बोट फिरवत खालचं नाव वाचलं.

“नाव तर आमचंच हाय.” मग त्याच्याकडे वळून, “कुनी केलं रं हे?”

“मी केलं, आपा.”

“हयातभर तिला लोक सांगायचे, उन्हात फिरू नको. मेल्यावर तुमी सावलीत नेलीत व्हय?”

तो दोरी धरून तसाच उभा राहिला. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी आपांची पिशवी उचलली आणि त्यांना आत घेऊन गेले.

सभेत मी बोलले. बाईंच्या शिकवण्याविषयी, त्यांच्या निर्भीडपणाविषयी. लोकांना आवडलं.

त्यानंतर ती दुसरीच बाई यायला लागली. मधल्या सुट्टीत मी डबा उघडला की टेबलापलीकडे गव्हाळ चेहऱ्याची कुणी येऊन बसायची. साडी बाईंची, चष्मा बाईंचा, हसायची तशीच. मी डोळे मिटून माझ्या बाईंना बोलवायचे आणि हीच यायची. बाईंचा रंग नेमका कसा होता हे मला आठवेना. मोबाइलमधले सगळे फोटो चाळले. एकात फ्लॅशनं उजळलेल्या, एकात झाडाच्या सावलीत, बाकीच्यांत मोबाइलनंच परस्पर गोऱ्या केलेल्या. एकाही फोटोवर विश्वास ठेवता येईना.

मार्चमध्ये मुख्याध्यापक म्हणाले, सभागृहात जुन्या शिक्षकांच्या ओळीत बाईंचाही फोटो लावू या, फ्लेक्सवरचाच फ्रेम करून घ्या. तो कायमचा लागणार होता. पुढची मुलं बाईंना तेवढंच ओळखणार होती. मी दुकानात जाऊन नवा करायला सांगितलं. त्यानं मूळ फोटो उघडला, माउसवर हात ठेवला आणि विचारलं, “मॅडम, किती डार्क घेऊ?”

मी आपांना फोन केला.

आपा दोन दिवसांनी आल्या. दुकानात त्यांना खुर्ची दिली. त्या बसायच्या आधीच मी म्हणाले, “आपा, तो फ्लेक्स मी बघितला होता. मीच छान म्हटलं होतं.”

“ठाव हाय,” आपा म्हणाल्या. “फाटकावर तुजं तोंड बघितलं ना मी.” आणि त्याला म्हणाल्या, “लाव रं तो फोटू.”

त्यांनी डाव्या हाताची बाही कोपरापर्यंत वर सारली आणि हात स्क्रीनला टेकवून धरला.

“आमी दोगी सारक्याच. असा कर.”

तो करत गेला.

“आजून.”

“आपा, मग प्रिंटला डोळे...”

“डोळ्यांचं तू नको सांगू. तिनं डोळे वटारले की तूच पळायचास. आजून कर.”

तो कसंनुसं हसला. रंग हळूहळू खाली उतरत गेला. मी एकदा हाताकडे बघत होते, एकदा चेहऱ्याकडे.

“बस,” आपा म्हणाल्या. “आली.”

त्यांनी बाही खाली केली आणि पदरानं स्क्रीनवरची धूळ पुसली. तिथे कोण आहे हे त्यांना लगेच कळलं होतं, त्यालाही. मला तो चेहरा ओळखीचा वाटायला बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ ती दोघं माझ्यासाठी थांबली.