बधिर जिभेनं पास केलेलं दूध

आमच्या गावचं दूध चांगलं की नासकं, हे त्या दुष्काळात माझी जीभ ठरवत असे. मी चौसाळ्याजवळच्या आमच्या सहकारी दूध संस्थेचा सचिव. फॅट मोजायला यंत्र होतं, पण आंबटपणासाठी मी प्रत्येकाच्या दुधाचा थेंब जिभेवर टाकायचो. शेतं करपलेली, घरोघरची चूल दुधावरच पेटायची. त्यामुळे माझ्या जिभेला गावात भलताच मान होता. (दातांना नव्हता. खालची उजवी दाढ आतून पार सडली होती.)

तीन दिवस ठणकल्यावर बायकोनं, म्हणजे सुमननं, मला बीडला नेलं.

"उपटून टाका," मी दातांच्या डॉक्टरीणबाईंना म्हणालो.

"कशाला? वरून मजबूत आहे. आतली सडलेली नस काढू, मुळांच्या नळ्या साफ करून भरू, वर टोपी बसवू. यालाच रूट कॅनल म्हणतात. तीनदा यावं लागेल."

"नस काढल्यावर दाढ कामाची ऱ्हाती का?"

"दुखणार नाही. चावेल मात्र नीट."

तक्रार न करता राबणारा असा माणूस आमच्या संस्थेत एकही नव्हता! मी आ वासला.

इंजेक्शननंतर उजवा गाल, ओठ आणि अर्धी जीभ माझी राहिली नाही. परतताना सुमन म्हणाली, "आज दूध मी बघते."

"तुला काय कळतंय त्यातलं?" ओघळणारी लाळ पुसत मी रुबाबात विचारलं.

संध्याकाळी पहिल्या दूध घेऊन आल्या दगडूबाई, गुरं बांधलेल्या चारा छावणीवरून.

"साहेब, लई येळ उन्हात ऱ्हायलंय. नीट बघा."

मी सवयीनं थेंब जिभेच्या उजव्या बाजूला टाकला. ती बाजू गाढ झोपलेली. वास घेतला, तर लवंगेचा. (दाढेत औषध होतं, त्या दिवशी मला दूध न्यायला येणाऱ्या टेम्पोलाही लवंगेचाच वास येत होता!) "एक नंबर," मी म्हणालो आणि दूध कॅनमध्ये ओतलं. त्यावर आणखी सात घरांचं ओतलं.

सुमननं कॅनमध्ये बोट बुडवून चाखलं. "अवो, हे आंबलंय."

आठ घरांचं दूध गेलं! तो कॅन पुढं गेला असता, तर शीतकरण केंद्रानं सगळ्या गावाचं दूध परत धाडलं असतं. तोंड आधीच वाकडं होतं, म्हणून माझी लाज कुणाला दिसली नाही. आता शिव्या पडणार म्हणून मी मान खाली घातली.

"दुखण्यात व्हतंय असं," दगडूबाई म्हणाल्या. "घरी जाऊन पडा."

आठही घरांनी नासकं दूध मुकाट वाटून नेलं. त्या माणसांची आठवण झाली की अजून भरून येतं. डॉक्टरीणबाईंचेही उपकारच, ती दाढ आजही ज्वारीची भाकरी चावते आहे.

उरलेल्या दोन फेऱ्यांच्या दिवशी सुमनच दूध चाखायला बसली. पुढं माझी जीभ पूर्ण शुद्धीवर आली, पण दूध चाखायच्या खुर्चीवर बसायला मला कुणी परत बोलावलं नाही. मी कॅन धुऊ लागलो. तांब्याभर पाण्यात चार कॅन माझ्याइतके लख्ख कुणी धूत नाही, असं सुमन चारचौघांत सांगते, आणि मी लगेच पाचवा घासायला घेतो.