हयवदनरावांचा चाळीस पानी अर्ज

चामराजपेटेतले हयवदनराव सरकारात नाही म्हणायच्या कामावर होते. हुद्दा अर्थात असा लिहिलेला नव्हता. कागदावर ते फर्स्ट डिव्हिजन क्लार्क. पण राज्यातून कुठूनही कुणीही सरकारकडे पैसे मागितले, शाळेला छप्पर म्हणा, गावाला पूल म्हणा, की तो कागद फिरत फिरत त्यांच्या टेबलावर यायचा आणि त्यावर पहिलं टिपण त्यांनी लिहायचं. खालच्यानं नाही म्हटलं की वरच्या साहेबांना नुसती सही ठोकायची. म्हणून साहेब लोकांचा हयवदनरावांवर फार जीव.

सत्तावीस वर्षं माणूस हेच करत होता. सकाळी स्नान, पूजा, कपाळावर अंगारा-अक्षत, लोटाभर कॉफी, सायकल, आणि दहाच्या ठोक्याला पहिला नकार. नव्यानं आलेल्या पोरांना ते शिकवायचे, "अर्ज वाचायचा नसतो रे बाबा. अर्जावर जी चिठ्ठी टाचलेली असते ना, विषयाची, ती वाचायची. अर्ज वाचलास की दया येते. दया आली की टिपण बिघडतं." पोरं माना डोलवायची. असल्या शिकवणीला चेले लगेच मिळतात.

आता याच माणसाला त्याच्या जुन्या कॉलेजच्या माजी विद्यार्थी संघानं सरकारकडे पैसे मागायला बसवलं, याला काय म्हणावं?

संघ म्हणजे काय, रविवारी सकाळी त्रिविक्रमरावांच्या व्हरांड्यात जमणारे पंधरा-वीस म्हातारे. त्रिविक्रमराव हे निवृत्त एक्झिक्युटिव्ह इंजिनियर आणि संघाचे तहहयात अध्यक्ष; त्यांना हटवायचं धाडस कुणाला होत नव्हतं आणि त्यांच्या घरच्या उप्पिटाला तोड नव्हती. वर्षातून एकदा ग्रुप फोटो काढायचा, वर्षभरात गेलेल्यांसाठी दोन मिनिटं उभं राहायचं, आणि हल्लीच्या पोरांना काही येत नाही असं एकमतानं ठरवून खाली बसायचं, एवढंच संघाचं कार्य.

पण १९५९च्या जानेवारीत युनिव्हर्सिटीची तपासणी कमिटी कॉलेजात आली. प्रयोगशाळेचं छत गळत होतं, साठ पोरांत अकरा बर्नर होते, आणि रसायनाच्या कपाटात विंचू निघाला. कमिटीतला एक जण टेबलावर चढला म्हणतात. कमिटीनं लिहून टाकलं, की सरकारनं नवी प्रयोगशाळा मंजूर केली नाही तर जूनपासून बी.एस्सी.ला एकही प्रवेश नाही. कॉलेज सरकारचं, जमीन सरकारची, विंचूसुद्धा सरकारीच. पैसे द्यायचे ते सरकारनंच. म्हाताऱ्यांना एकदम कॉलेजचं प्रेम उफाळून आलं.

हयवदनरावांचं दुखणं मात्र वेगळं होतं. त्यांची मुलगी नीरजा यंदा पी.यू.सी.ला, म्हणजे बी.एस्सी.च्या आधीच्या वर्षाला होती आणि तिला फिजिक्स घ्यायचं होतं. तिचं दुसरं काही मागणंच नव्हतं. दागिना नको, साडी नको. दुसरीकडच्या सरकारी जागा मूठभर, त्यांना वशिला लागायचा. खाजगी कॉलेजची फी कारकुनाला झेपणारी नव्हती. हे कॉलेज घरापासून चालत पंधरा मिनिटांवर. इथं दार लागलं तर घरी बसायचं, आणि घरी बसलेल्या मुलीचं पुढं काय होतं ते अहल्याबाई, म्हणजे तिची आई, पत्रिका हातात घेऊन सांगतच होत्या. गदगचं एक स्थळ दोनदा चौकशी करून गेलं होतं.

"अण्णा, तुम्ही लिहिलात तर होईल," नीरजा म्हणाली. "सरकार कसं नाही म्हणतं ते तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे?"

एवढं म्हटल्यावर कुठला बाप मागं राहील? हयवदनराव सहा आठवडे लिहीत होते. सत्तावीस वर्षांत आपण लिहिलेला एकेक नकार आठवायचा आणि त्याला आधीच उत्तर देऊन ठेवायचं, अशी त्यांची पद्धत. तरतूद नाही म्हणाल? मग अमुक खात्यात न वापरलेली रक्कम पडून आहे. पुढच्या वर्षी बघू म्हणाल? मग पुढच्या वर्षी बघायला विद्यार्थीच उरणार नाहीत. चाळीस पानं झाली. नीरजानं गळक्या छताचा नकाशा काढून दिला, थेंब नेमका कुठल्या तराजूवर पडतो तेसुद्धा दाखवून. सतरावं पान मुलींवर होतं. ते त्यांनी घरी मोठ्यानं वाचून दाखवलं आणि संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचलं. अहल्याबाई तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, कचेरीत असं लिहिता होय तुम्ही? मग अजून प्रमोशन कसं नाही झालं?"

सरकारी नोकरानं सरकारकडे अर्ज करणं नियमात बसत नव्हतं. म्हणून हयवदनरावांचं नाव अर्जावर कुठंच नाही, सही त्रिविक्रमरावांची. शिष्टमंडळ हार घेऊन मंत्र्यांकडे गेलं. मंत्र्यांनी हार घेतला, अर्ज पी.ए.कडे दिला आणि म्हणाले, "नोडोणा, नोडोणा." बघू या! म्हातारे खूश होऊन परतले आणि वाटेत मसाला डोसा खाऊन आले. मंजुरी मिळाल्यासारखीच त्यांची चाल होती.

हयवदनरावांनी मनाशी सगळं योजून ठेवलं होतं. फाइल येईल, तांबड्या चिठ्ठ्या लावून, मिरवत येईल. आली की आपण हात लावायचा नाही, सरळ शेजारच्या टेबलावर द्यायची. शेजारच्याला दोन दिवस घरची चकली खायला घालून ठेवली होती.

पण फाइल मिरवत वगैरे आली नाही. मार्चचा शेवटचा आठवडा होता. वर्षअखेर म्हणजे कचेरीत नुसता धुमाकूळ. यल्लाप्पा प्यूननं कापडात बांधलेलं सत्तर फायलींचं गाठोडं टेबलावर आदळलं आणि म्हणाला, "स्वामी, संध्याकाळपर्यंत पायजे, साहेब ओरडायलेत." हयवदनरावांनी पेन उचललं आणि चिठ्ठ्या वाचत सुटले. अमुक पुलाबाबत. नाही. तमुक दवाखान्याबाबत. नाही. मग एक चिठ्ठी आली, शिक्षण खात्याकडून, 'एका महाविद्यालयाच्या बांधकामाबाबत, पाने चाळीस.' हयवदनराव पुटपुटले, "चाळीस पानं! लोकांना उद्योग नाहीत." आणि चिठ्ठीखाली त्यांनी आपल्या वळणदार इंग्रजीत टिपण लिहिलं, की मागणी स्तुत्य आहे, तथापि चालू वर्षी तरतूद नसल्यानं खेद वाटतो, पुढे केव्हातरी विचार व्हावा, दप्तरी दाखल. खाली सही केली. पुढची फाइल घेतली.

होय. तीच. आतलं एक पान उलटलं असतं तर स्वतःचीच भाषा दिसली असती. पण उलटायचं नाही हा नियम त्यांचाच.

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी त्रिविक्रमरावांनी व्हरांड्यात सरकारचं उत्तर मोठ्यानं वाचलं. वाटाण्याच्या अक्षता. म्हातारे भडकले. "कुणी गाढवानं लिहिलंय हे?" त्रिविक्रमराव गरजले. हयवदनराव सगळ्यांत मोठ्यानं ओरडले, "वाचलंच नसणार मेल्यानं! चाळीस पानांत एकेका गोष्टीचं उत्तर दिलंय, आणि हा म्हणतो तरतूद नाही! असल्यांना नोकरीवर ठेवतं कोण?" मग त्यांनी पत्र हातात घेतलं. 'मागणी स्तुत्य आहे, तथापि...' स्तुत्य म्हणून मग तथापि म्हणायची ही लकब अख्ख्या कचेरीत एकाचीच होती. तारीख पाहिली. मार्चअखेर. गाठोडं आठवलं. चकली आठवली. ते खुर्चीत बसले.

तोवर म्हाताऱ्यांनी ठराव मांडला होता, की सदर अर्ज न वाचता फेटाळणाऱ्या अज्ञात अधिकाऱ्याचा ही सभा तीव्र निषेध करते. ठराव लिहायचं काम नेहमीप्रमाणे हयवदनरावांचं. 'तीव्र' पुरेना, म्हणून त्रिविक्रमरावांनी 'निर्बुद्ध' असाही शब्द घालायला लावला. हयवदनरावांनी घातला. स्वतःच्या हातानं, त्याच वळणदार अक्षरात. उप्पीट मात्र त्या दिवशी त्यांच्या घशाखाली उतरलं नाही.

घरी नीरजा दारातच उभी होती. "काय झालं अण्णा?"

खोटं बोलता आलं असतं. सगळा संघ तेच समजत होता. पण हयवदनराव पायरीवर बसले आणि म्हणाले, "नाही म्हणाले."

"कोण?"

"मी."

तिला आधी कळेचना. कळलं तेव्हा ती रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "सतरावं पान तुम्ही माझ्यासाठी लिहिलं होतं ना? ते तुम्हीसुद्धा वाचलं नाहीत?" आणि आत गेली. हयवदनरावांना त्या क्षणी आपली सत्तावीस वर्षांची नोकरी उचलून वृषभावती नदीत फेकावीशी वाटली. किती पूल, किती दवाखाने, किती सतरावी पानं! ते जेवले नाहीत. रात्रभर अहल्याबाई विचारत राहिल्या, पित्त झालंय का म्हणून.

सोमवारी ते दप्तरखान्यात गेले, फाइल बाहेर काढली आणि आपल्या टिपणाखाली नवं टिपण लिहिलं. वरील टिपण मी अर्ज न वाचता लिहिलं. ते चूक आहे. अर्जही मीच लिहिलेला आहे. त्यात माझ्या मुलीचा स्वार्थ आहे. अर्ज बरोबर आहे. तो कुणीतरी वाचावा.

ते पाहून सुपरिंटेंडेंट रघुपतीराव घाबरेघुबरे झाले. "अय्यो हयवदन, वेड लागलं का? 'चूक आहे' असं लिहायचा नियम कुठं आहे? आजवर या कचेरीत कुणी लिहिलं नाही! आणि सरकारी नोकर असून अर्ज तू केलास, हेही लिहितोस? जुलैत माझी जागा तुला मिळणार आहे रे. फाड ते पान."

"टिपण फाडायचाही नियम नाही," हयवदनराव म्हणाले. "वर पाठवा."

वर गेलं. सेक्रेटरीसाहेबांनी बोलावून उभं केलं आणि अर्धा तास सोलून काढलं. शेवटी विचारलं, "स्वतःचं हित असलेली फाइल स्वतः हाताळलीत कशी?"

"वाचली असती तर कळलं असतं साहेब," हयवदनराव म्हणाले. "आमच्याकडे वाचत नाहीत."

साहेबांनी फाइल पुढ्यात ओढली. मग म्हणाले, "जा." आणि फाइल घरी घेऊन गेले.

पुढं काय झालं ते सांगतो. हयवदनरावांना मेमो मिळाला, प्रमोशन गेलं ते गेलंच, आणि रघुपतीरावांची जागा शेजारच्या चकलीवाल्याला मिळाली. प्रयोगशाळाही मंजूर झाली, पण नोव्हेंबरात. सरकारला चाळीस पानं वाचायला तेवढा वेळ लागतो. जूनचे प्रवेश कधीच होऊन गेले होते, म्हणजे झालेच नव्हते. नीरजाचं एक वर्ष गेलं. बापाच्या एका ओळीनं गेलं.

त्या वर्षात गदगचं स्थळ पुन्हा आलं. हयवदनरावांनी त्यांना कॉफी पाजली, चिवडा दिला आणि मुलगी शिकणार आहे म्हणून वाटेला लावलं. अहल्याबाई आठ दिवस बोलल्या नाहीत. नीरजाही फार बोलत नव्हतीच. ताट वाढायची, कचेरीचा डबा भरून द्यायची, विचारल्याचं उत्तर द्यायची. गेल्या वर्षीची पुस्तकं मात्र रोज काढून बसायची. पाठ झालेली गणितं पुन्हा सोडवायची. ते बघवत नसे. कचेरीत हयवदनराव आता अर्ज पहिल्या पानापासून वाचायला लागले होते. त्यांच्या टेबलावर ढीग साचला, साहेब लोकांचा त्यांच्यावरचा जीव उडाला, आणि यल्लाप्पा सगळ्यांना सांगत सुटला की स्वामींचे डोळे गेले, एका फाइलीला दोन दिवस लागतात.

१९६०च्या जूनमध्ये प्रयोगशाळेचं उद्घाटन झालं. त्रिविक्रमरावांनी पाऊण तास भाषण केलं आणि संघाच्या कणखर निषेधामुळं सरकार कसं वठणीवर आलं ते सांगितलं. हार त्यांनाच पडला. हयवदनरावांनी टाळ्या वाजवल्या. करणार काय?

दुसऱ्या दिवशी नीरजाचा पहिला वर्ग. हयवदनराव सायकल हातात धरून तिच्याबरोबर कॉलेजच्या फाटकापर्यंत चालत गेले. आत पोरापोरींची झुंबड होती, सगळी तिच्याहून एका वर्षानं लहान. नव्या भिंतींना चुन्याचा वास येत होता. फाटकाशी ती थांबली.

"अण्णा, मी अजून रागावलेली आहे," ती म्हणाली. वर्षभरात पहिल्यांदाच ती हे बोलली.

हयवदनरावांना इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. "रागाव की," ते म्हणाले. "बी.एस्सी. होईपर्यंत रागाव."

"एम.एस्सी. होईपर्यंत," नीरजा म्हणाली आणि आत गेली.

ती जिना चढून दिसेनाशी झाली तरी हयवदनराव सायकल धरून तिथंच उभे होते. कचेरीत ते त्या दिवशी साडेअकराला पोचले.