ओहोटीचा साखरपुडा

मी घोलवडची. समुद्र माझ्या घरापासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर आहे आणि या एका गोष्टीचं भांडवल मी जन्मभर केलं आहे. प्रत्यक्षात माझा समुद्राशी संबंध संध्याकाळी चपला हातात घेऊन घोटे भिजवण्यापुरता. बोटीत मी कधी बसलेच नव्हते. पण तसं कुणी विचारलं नाही आणि मीही सांगत बसले नाही.

लेकीचं लग्न ठरलं ते सायवनच्या घरात. भात-नागलीची शेती करणारी माणसं, मुलगा तलासरीला शिक्षक. आम्ही बोलणी करायला गेलो तेव्हा विहीणबाई म्हणाल्या की त्यांनी समुद्र लांबूनच पाहिलाय. झालं, मला चेव आला. "आम्ही काय, समुद्राचीच माणसं," असं मी त्यांच्या पडवीत बसून, त्यांचाच चहा पीत सांगितलं. लेक माझ्याकडे बघत राहिली.

लग्नात लेकीचा हट्ट एकच होता. साखरपुडा डहाणूच्या खाडीतल्या जुन्या गलबतावर करायचा. एके काळी कौलं आणि खजूर वाहून नेणारं हे शिडाचं गलबत आता रंगरंगोटी करून धक्क्याला बांधून ठेवलंय. पोटात संग्रहालय, वरती साखरपुडे आणि वाढदिवस. तिला चारी बाजूंनी पाणी हवं होतं. त्याबरोबर तिने मला एक तंबीही देऊन ठेवली होती. तिचे बाबा गेल्यापासून हळदीकुंकवाचं ताट आलं की मी आपणहून मागे सरते. सगळ्यांनाच ते सोयीचं पडतं. "या वेळी कोपऱ्यात उभं राहायचं नाही," ती म्हणाली. मी नुसतं "बघू" म्हटलं.

जागा बघायला आम्ही तिघी गेलो. विहीणबाई सायवनहून जीपने आल्या. त्यांच्यासाठी मी पर्समध्ये आलेपाक, लिंबू आणि प्लास्टिकची पिशवी घेतली होती. फळीवरून चढताना मी त्यांना म्हटलं, "घाबरू नका, माझा हात धरा." त्यांनी तो धरला, बहुधा मला वाईट वाटू नये म्हणून.

भरती होती. वर वाऱ्यात ठीक होतं. मॅनेजर उत्साही, तो आम्हाला जिन्याने खाली संग्रहालयात घेऊन गेला. तिथे काचेत होकायंत्र, शिडाचा तुकडा, तांडेलाची, म्हणजे गलबताच्या म्होरक्याची, लाकडी पेटी. डांबराचा आणि कसल्याशा तेलाचा वास. आढ्याला एक जुना कंदील टांगलेला. मी विहीणबाईंना "हे बघा सुकाणू" असं समजावत होते, आणि बोलता बोलता माझी नजर त्या कंदिलावर गेली. तो सावकाश इकडून तिकडे जात होता. म्हणजे कंदील जागच्या जागीच होता, आम्हीच जात होतो.

पुढचं थोडक्यात सांगते. मला बोट लागली. धक्क्याला दोरखंडांनी बांधलेली, कुठेही न निघालेली बोट. पर्समधली पिशवी आठवायला वेळ नव्हता. समोर खलाशांच्या पिण्याच्या पाण्याचा तांब्याचा जुना हंडा होता आणि त्यावर "हात लावू नये" अशी पाटी. पाटीचा मान राखून मी हात अजिबात लावला नाही. हंडा मात्र वापरला.

विहीणबाई माझी पाठ चोळत होत्या. मॅनेजर मलाच सॉरी म्हणत होता.

धक्क्यावर आणून बसवल्यावर आलेपाक मीच खाल्ला. लेक शेजारी बसून म्हणाली, "राहू दे आई, आपण हॉल घेऊ." तिचा आवाज इतका समजूतदार होता की मला रडू येईल असं वाटलं.

"छे, इथेच करायचं," मी म्हटलं. "मी धक्क्यावर उभी राहून बघेन की. इथून सगळं छान दिसतं."

तिने आलेपाकाचा कागद माझ्या हातातून काढून घेतला. मग हळूच म्हणाली, "लोकांना काय वाटेल कळतंय का तुला? बोट लागते म्हणून उभी आहे असं नाही वाटणार कुणाला."

मला कळत होतं. खरं सांगायचं तर बाजूला उभं राहायला इतकं चांगलं निमित्त मिळालं म्हणून मला आतून हायसंच वाटलं होतं, आणि त्याची लाज वाटली.

विहीणबाईंनी मॅनेजरला हाक मारली. "ही हलत नाय असं कधी असतं का?"

"ओहोटीला, मावशी. चिखलात बसते. पण तेव्हा कुणी बुकिंग करत नाही. वास येतो, फोटोही बरे येत नाहीत."

"मंग तवाच करू," त्या म्हणाल्या. "भाताची आवणी चिखलातच करतो आमी. आमच्या माणसांना वासाचं काय नाय."

गुरुजींना ओहोटीतला मुहूर्त मागितला, त्यांनी तो काढूनही दिला. लेकीला चारी बाजूंनी पाणी हवं होतं, तिला चारी बाजूंनी काळा चिखल मिळाला, त्यात खेकडे आणि बगळे. गलबत एका अंगाला किंचित कललं होतं, त्यामुळे लाडू ताटात एकाच बाजूला जमा होत होते. आमच्याकडचे नातेवाईक नाकाला रुमाल लावून बसले होते. लेक हसत होती.

अंगठ्या झाल्या. विहिणीची ओटी भरायची वेळ आली तेव्हा ताट घेऊन माझी जाऊ पुढे झाली, नेहमीसारखीच, आणि मीही नेहमीसारखी मागे सरले. विहीणबाई जागच्या हलल्या नाहीत. "मुलीच्या आईनं भरायची," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या आणि माझ्यासमोर येऊन त्यांनी पदर पसरला. जावेने माझ्याकडे पाहिलं आणि ताट माझ्या हातात दिलं. ते थरथरायला लागलं, नारळ घरंगळून काठाला आला.

"आता तर बोटपण हलत नाय, ताई," त्या फक्त मला ऐकू येईल असं म्हणाल्या. "भरा."

मी भरली.