डेलियाबाईंचं रॉकेल

आमच्या लीट्रिम परगण्यात माणूस म्हातारं झालं हे दोन गोष्टींवरून ओळखतात: चर्चमध्ये त्याला डुलकी लागते आणि पाणी तापत ठेवून ते विसरतं. डेलिया गिलहूलीबाईंना चर्चमध्ये डुलकी कधीच लागली नाही. पण त्यांचं रॉकेल भराभर संपायला लागलं आणि सगळ्यांनी त्यांच्याकडेच बोट दाखवलं. मीसुद्धा.

मी मॅलकी. घर आणि नळाचं पाणी तापवणारे या भागातले रॉकेलचे बॉयलर तीस वर्षं दुरुस्त करतोय. बाईंची परसातली रॉकेलची टाकी ऑक्टोबरात भरली की मार्चपर्यंत पुरायची. यंदा नाताळाआधीच तळ दिसला, वर नळाला पाणी कोमट. दोनदा येऊन मी रॉकेल फवारणारं नोझल बदललं, धुराडं झाडलं, टाकी गळते का पाहिलं. काही सापडेना. मग मोठ्या शहाणपणानं म्हणालो, "बटण बंद करायला विसरत असाल, बाई."

"फिन्टनही तेच म्हणतो," त्या म्हणाल्या.

फिन्टन म्हणजे त्यांचा एकुलता एक. अंगणापलीकडच्या जुन्या गोठ्याचं त्यानं पाहुण्यांना भाड्यानं द्यायचं घर केलंय. शुक्रवारी तो आईला डॉक्टरकडे स्मरणशक्तीच्या तपासणीला नेणार होता. तिथं बाई नापास झाल्या की वृद्धाश्रमातली खोली ठरलेली, आणि हे घरही पाहुण्यांना मोकळं.

बाईंनी धसका घेतला. केस धुवायला किटलीतलं पाणी, घरातल्या घरात अंगावर कोट. बॉयलर चालू केला की दाराला लाल फडकं लावायचं, बंद केला की काढायचं, हा नेम त्यांनी स्वतःच घालून घेतला.

मंगळवारी मी तिसऱ्यांदा गेलो. फडकं दाराला नव्हतं. बटण मी माझ्या हातानं तपासलं, बंद होतं. आम्ही चहा घेत बसलो आणि भिंतीपलीकडे बॉयलर धडधडत पेटला.

बाईंनी आधी दाराकडे पाहिलं, फडकं नव्हतंच. "मॅलकी, हे मी केलं का?"

"नाही, बाई. तुम्ही तर खुर्चीतून उठला नाहीत."

मी मागं जाऊन नळ्यांवरचं आवरण फाडलं. आत एक नवाकोरा फाटा होता, जमिनीखालून थेट गोठ्याकडे गेलेला, सोबत तिकडच्या बटणाची वायर. पाहुण्यांनी तिकडे खोली तापवायची, इकडे बाईंचं रॉकेल जळायचं. माझं डोकंच फिरलं. रॉकेल नेलं ते नेलं, पण पोटच्या पोरानं म्हातारीला वेडी ठरवायला काढलं होतं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि सुरीला धार लावायला मी गाढव होतोच.

बाईंना आणून फाटा दाखवला. तेवढ्यात फिन्टनची गाडी आली. मी विचारलं, "हे काय रे?"

तो जरासुद्धा गडबडला नाही. "आई, ईस्टरला सांगितलं नव्हतं का तुला? इथंच उभे होतो आपण. बघ, हेही विसरलीस."

चोर तो चोर, वर शिरजोर. मी म्हणालो, "मग दोनदा मी इथं डोकं खाजवत बसलो, तेव्हा तुझी दातखीळ बसली होती का?"

"तू नळ्या बघ, मॅलकी. आमच्या घरात नाक खुपसू नकोस."

बाईंनी फाटलेलं आवरण फाट्यावर परत ओढलं. मग म्हणाल्या, "असेल बाबा. सांगितलं असशील. माझ्याच लक्षात नसेल."

तो शीळ घालत गोठ्याकडे गेला. मी भडकलो. "बाई, तो धादांत खोटं बोलतोय. शुक्रवारी डॉक्टरकडे मी येतो, सगळं सांगतो."

"नको," त्या म्हणाल्या. "त्यानं मला काहीएक सांगितलं नव्हतं, मॅलकी. ईस्टरला तर तो इकडे फिरकलाही नाही. सगळं आठवतंय मला." त्यांनी कोटाची बटणं लावली. "पण त्याला चोर म्हटलं तर तो परत येणार नाही. मी वेडी ठरले तर निदान रविवारी भेटायला येईल."