पोळ्याच्या दिवशीचं जू

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि ती गेली त्यालाही आता वर्षं झाली. नातवंडं मोगलाईतल्या दिवसांबद्दल विचारतात तेव्हा मी करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यावरच्या झडत्या सांगतो, निजामाचा हाली रुपया सांगतो, रझाकारांच्या भीतीनं घरातलं सोनं परसात कसं पुरलं ते सांगतो. पोरं डोळे मोठे करून ऐकतात. त्यांना वाटतं, आजोबांनी फार सोसलं. मी काय सोसलं? — सोसलं ते दुसऱ्यानं. तुम्ही माझे कोणी लागत नाही, म्हणून तुम्हाला सांगायला जीभ रेटतेय.

मोटारीपासून सुरू करतो. तेवढाच भाग सोपा आहे.

दुसऱ्या मोठ्या लढाईचे दिवस होते. जळकोटच्या जवळ आमचं गाव. वडिलांचं — आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो — जळकोटला कापडाचं दुकान आणि गावात शेती. मी धाकटा, लाडावलेला. सोलापूरला, म्हणजे इंग्रजी हद्दीत, मला शिकायला ठेवलं होतं. शिकलो काय, तर सिनेमे आणि मोटारींची नावं. तिथल्या एका गिरणीतला साहेब फौजेत निघाला होता आणि त्याला गाडी विकायची होती. दोनच माणसं बसतील अशी, उघडी, लांब नाकाची, आणि बुटकी इतकी की पोट जमिनीला टेकेल. शर्यतीची गाडी म्हणायचे तिला. जुनी होती, पण मला ते कुठं दिसतंय? रुसलो, उपाशी राहिलो, आईला रडवलं, आणि शेवटी आण्णांना ती घ्यायला लावली.

घरी आणताना नळदुर्गही आलं नाही, तोच तिनं धूर सोडला. बैलगाडीला बांधून परत सोलापूरला न्यावी लागली. मिस्तरीनं नाक उघडून आत पाहिलं आणि कपाळाला हात लावला. इंजिन उतरवावं लागणार, बेरिंग गेलेले, गेअरचे दात झिजलेले, ब्रेकचे पट्टे तर नावालाच उरलेले. लढाईमुळं विलायतेहून सामान येत नव्हतं. आण्णा म्हणाले, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला — यापुढं एक पैसुद्धा मागायची नाही. मिस्तरी विनवत होता, "मालक, पहिलं बिरेक करून घ्या." मी जे हाताशी होतं त्यात इंजिन कसंबसं चालू करून घेतलं आणि वरून लाल रंग मारून घेतला. इंजिन बंद पडलं तर चार लोक हसतात. ब्रेक लागतो की नाही, हे बघायला कोण येतंय?

आता दगडूदादाचं सांगायला हवं. टाळतोय मी — कळतंय तुम्हाला.

दगडूदादा आमचा सालदार. वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी, पण मला खांद्यावर बसवून खंडोबाच्या जत्रेला त्यानंच नेलं, बैलांचा कासरा हातात धरायला त्यानंच शिकवलं. हरण्या आणि सोन्या ही आमची जोडी त्यानं वासरं असल्यापासून वाढवली होती. पोळ्याला वेशीतल्या तोरणाखालून पहिलं जायचा मान आमच्या बैलांचा होता. त्या दिवशी फेटा बांधलेल्या दगडूदादाची ऐट आण्णांपेक्षा जास्त असायची, आणि आण्णांनाही ते आवडायचं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीनं मळतात. त्यांच्या कानात सांगतात — आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. दुसऱ्या दिवशी बैल पाहुणा असतो. त्याच्या मानेवर जू ठेवायचं नाही. जो ठेवील त्याचं वाटोळं होतं, असं आमच्याकडं लहान पोरही सांगेल. त्यात आम्ही लिंगायत. आमच्या घरात बैल म्हणजे नंदी.

हे सगळं मला माहीत नव्हतं का? होतं. चांगलं माहीत होतं.

मी गाडी नेमकी पोळ्याच्या दिवशी आणली, कारण सगळं गाव वेशीत जमणार होतं. लाल गाडीतून यायचं, भोंगा वाजवायचा — एवढीच माझी अक्कल. आमच्या रानाजवळच्या ओढ्यात गाडी उतरली, पोट दगडावर आपटलं आणि इंजिन गप्प झालं. पश्चिमेला आभाळ काळं झालेलं. वर पाऊस पडला की त्या ओढ्याला लोंढा येतो, म्हशीसुद्धा वाहून जातात. मी घाबरलो. वर रानात गोठ्यापाशी हरण्या-सोन्या बांधलेले होते — धुतलेले, शिंगं रंगवलेली. दगडूदादा झुली आणायला गावात गेला होता. सकाळी वाटेनं जाणारे-येणारे गावाकडं निघून गेले होते, आता चिटपाखरू नव्हतं.

मी जू काढलं. हळद लावलेल्या खांद्यांवर ठेवलं. बैल ओळखीचे, त्यांनी मान आपणहून पुढं केली. दोर गाडीला बांधला आणि मी आत बसलो. एका हातात चाक, दुसऱ्या हातात कासरा. साहेबाच्या गाडीत बसून बैल हाकत होतो.

चढ संपत आला होता. बैल दम घ्यायला थांबले. मी ब्रेकवर उभा राहिलो म्हणा ना — पण गाडी मागं सरकली. दोराला हिसका बसला, हरण्या गुडघ्यावर आला, त्याचा मागचा पाय दगडांत अडकला आणि गाडीनं त्याला तसाच ओढला. तो ओरडला. बैल असा ओरडतो हे मला तोवर माहीत नव्हतं. मी उतरलो, चाकाखाली दगड लावला. आणि मग काय केलं असेन? सोडला असेन त्याला? नाही. मी चाबूक घेतला. लंगडणाऱ्या जनावराला मारून मी ती गाडी वर काढली. मग जू गोठ्यात ठेवलं, बैल जागच्या जागी बांधले आणि ओढ्यावर हातपाय धुतले.

पाऊस आलाच नाही.

संध्याकाळी दगडूदादा तीन पायांवर चालणाऱ्या हरण्याला आण्णांना दाखवायला वेशीत घेऊन आला. आण्णांनी झूल उचलली. हळद पुसलेली आणि तिथं जुवाचा वळ. वाजंत्री थांबली. कुणी जुंपला? — आण्णांनी विचारलं. दगडूदादा रडत होता. तो म्हणाला, "मालक, म्या झुली आणाया घरला आलो व्हतो. धाकल्या मालकांची गाडी सकाळच्याला वढ्यात व्हती, लोकांनी बगितलीया. आता वर हाय. ती कशी आली, इचारा की."

सगळे माझ्याकडं वळले. मी म्हणालो, गाडी इंजिनावर वर आली, वर येऊन बंद पडली. एवढ्यावर थांबलो असतो तरी — नाही, थांबलो नाही. मी म्हणालो, बैल याच्या ताब्यात होते, चार पैशांसाठी कुणाचं तरी ओझं ओढायला दिले असतील. हे मला त्याच क्षणी सुचलं. इतकं सहज सुचलं.

दगडूदादानं डोळे पुसले. मग म्हणाला, "उचलतो म्या बेलभंडार."

आमच्याकडं खंडोबाचा बेल आणि भंडारा हातात घेऊन शपथ केली की पुढं कोर्टकचेरी नसते. त्यानं उचलला. मग जाणत्यांनी मला पुढं केलं. मला वाटत होतं, मी नाही उचलणार. गळ्यात इष्टलिंग होतं. मी उचलला. आण्णांनी माझ्याकडं पाहिलं नाही. त्यांना काय कळलं होतं, ते मला अखेरपर्यंत कळलं नाही.

जाणते म्हणाले, दोघांपैकी एक खोटा आहे, देव दाखवील. तेव्हापासून गाव दोन्ही घरांकडं बघत राहिलं. हरण्या बसला तो उठला नाही, दिवाळीच्या आत गेला. दगडूदादाला आण्णांनी कामावरून काढलं. आमच्याकडं लढाईच्या टंचाईत कापडाला भाव आला, माझं लग्न ठरलं. त्याच्याकडं? त्याला कुणी काम देईना. लोक म्हणायचे, बैलाचा तळतळाट आहे त्याला. आणि वेळ अमावस्येच्या, म्हणजे मार्गशीर्षातल्या अवसेच्या सुमारास त्याची भागी तापानं गेली. एकुलती एक पोर, नुकतीच बोलायला लागलेली. माझी बंद गाडी गोठ्यातच पडून होती; बापाला काढेपर्यंत ती तिथं येऊन भोंगा दाबायची, भारी आवडायचा तिला.

गावाला निकाल मिळाला. कुणाच्याही मनात शंका उरली नाही.

पोरीला पुरून आल्यावर त्यांच्या घरी चूल पेटणार नव्हती. आईनं भाकरी-पिठलं बांधून दिलं आणि मलाच धाडलं. दार उघडं होतं. दगडूदादा भिंतीला टेकून बसला होता. त्याची बायको सोजर त्याच्यासमोर बसली होती, आणि ती जे विचारत होती ते मी उंबऱ्यात उभं राहून ऐकलं. आवाज चढवला नव्हता तिनं, भांडतही नव्हती. "आता तरी खरं सांगा. तुमीच जुपले व्हते का वो? म्हंजी माजी पोर कशानं गेली, ते तरी मला कळंल."

दगडूदादानं मान वर केली. त्याला मी दिसलो. त्यानं पुष्कळ वेळ माझ्याकडं पाहिलं — वाट पाहिली माझी, असंच म्हणायला हवं. एक शब्द पुरला असता. सोजर खरं मानायला तयारच बसली होती. मी हातातली भाकरी घट्ट धरून उभा राहिलो.

मग तो तिच्याकडं वळला आणि म्हणाला, "व्हय. म्याच जुपले."

सोजरनं तोंडावर पदर घेतला. मी भाकरी उंबऱ्यावर ठेवली आणि निघालो. काही दिवसांनी ते दोघं गाव सोडून गेले. कुठं गेले, कुणी विचारलं नाही, मीही नाही.

तो ‘व्हय’ म्हणाला तेव्हा मला काय वाटलं, तेवढं राहिलंय. लाज वाटली नाही, रडू आलं नाही. मला हलकं वाटलं. आता मला खोटा म्हणणारं कुणीच उरलं नव्हतं — तोसुद्धा नाही. त्या दिवशी घरी येऊन मी पोटभर जेवलो.