तारखेचा रकाना

आमचे भावोजी शिलाई मशीन दुरुस्त करतात, आणि गिऱ्हाइकाला आपण होऊन फोन करायचा म्हटलं की त्यांना दुसरी दहा कामं आठवतात. ताईशी त्यांचं लग्न ठरलं तेव्हा मला वाटलं होतं, हा माणूस शिष्ट आहे. तसं काही नव्हतं. बोलावणं त्यांना कमीपणाचं वाटतं, एवढंच. मशीन कुरकुरलं की येतील, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. मी त्यांची एकुलती एक मेहुणी, त्यामुळे या उत्तराची टिंगल करण्याचा पहिला मान माझा.

बोलावत नसले तरी ते विसरतही नाहीत. मशीन उघडून, साफ करून, तेल देऊन परत केलं की गिऱ्हाइकाच्या नावापुढे त्या दिवसाची तारीख टाकायची, हा त्यांचा नेम. दुकानात कॉम्प्युटर आला तेव्हा ईमेलच्या प्रोग्राममधल्या पत्त्यांच्या यादीतच त्यांनी एक जादा रकाना करून घेतला आणि त्याला नाव दिलं 'तारीख'. कसली तारीख, ते लिहिलं नाही. त्यांना माहीत होतं आणि वाचणारं दुसरं कोणी नव्हतं.

मग दोन गोष्टी एकदमच आल्या. दुकानाची इमारत पाडायला काढली, म्हणून दुकान मागच्या गल्लीत हलवावं लागलं. तिथे कुत्रंसुद्धा वाट चुकलं तरच येई. आणि जुना ईमेल प्रोग्राम बंद होणार, पत्ते दुसरीकडे हलवून घ्या, असा निरोप आला. भावोजींच्या थोरल्या भावाचं मोठं गोदाम आहे. तो म्हणाला, बस झालं ते दुकान, माझ्याकडे ये आणि माल सांभाळ, शाळा सुरू होण्याआधी काय ते सांग. भावोजी हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. जेवताना गप्प राहायला लागले. ताईही गप्प. ती गप्प म्हणजे आपण गोदामात जावं असंच तिला वाटतंय, हे त्यांनी मनाशी पक्कं धरलं.

पत्ते मी हलवून देते म्हटलं, तर मला म्हणाले, मशीनचं पोट उघडणाऱ्याला एवढं जमेल. जमलंही. जुन्या प्रोग्रामने सगळी यादी एका फाइलमध्ये काढून दिली, नव्याने ती घेतली आणि कुठला रकाना कुठे टाकू ते विचारायला लागला. नाव नावात गेलं, पत्ता पत्त्यात. 'तारीख' आल्यावर तो अडला आणि त्यानेच सुचवलं, वाढदिवस का? भावोजींचा चष्मा कपाळावर होता. वाढदिवसाच्या रकान्यातही तारखाच असतात म्हटल्यावर त्यांनी 'हो' दाबलं. पुढच्या पानावर नुसत्या बारक्या चौकटी होत्या. रिकामी चौकट त्यांना स्क्रू नसलेल्या भोकासारखी वाटते, म्हणून त्यांनी सगळ्यांत खुणा केल्या. त्यातली एक चौकट वाढदिवसाच्या शुभेच्छा आपोआप पाठवण्याची होती. मी तेव्हा आत चहा करत होते, हे मी आधीच सांगून ठेवते.

माझ्या डोकं खाण्यामुळे त्यांनी सगळ्यांना एक ईमेल तेवढी टाकली. दुकान मागच्या गल्लीत हलवले आहे, कळावे. एवढंच. कोणाला कळलं असेल तर ते आलं नाही. भावोजी नव्या दुकानात बसून जुने पट्टे पुसत राहिले, आणि मी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातून डोकावले की हसून दाखवत. ते हसणं मला बघवत नसे.

मग एक दिवस शाळेचे गणवेश शिवणारी बाई दारात येऊन उभी राहिली.

"मिस्त्री, मी तीन वर्षांची झाले म्हणे."

भावोजींना वाटलं, बाईला ऊन लागलं. तिने मोबाइल पुढे धरला. तिसऱ्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, आणि खाली दुकानाचं नाव नि नवा पत्ता. भावोजींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते माफी मागत होते आणि ती हसत हसत हिशेब लावत होती. तीन वर्षांपूर्वी, शाळा सुरू होण्याआधी, मिस्त्रींनी तिचं मशीन उघडलं होतं. त्यानंतर त्याने तेलाचा थेंब पाहिला नव्हता, म्हणूनच मेलं हल्ली टाके सोडत होतं. दुसऱ्या दिवशी ती मशीन घेऊन हजर.

गंमत अशी की गणवेशांची गर्दी सुरू होण्याआधी सगळेच मशीन उघडून घेतात. त्यामुळे निम्म्या यादीचे वाढदिवस त्याच दिवसांत पडले. कोट शिवणारे आजोबा सात वर्षांचे झाले. त्यांनी ते पत्र घरात नातवंडांना वाचून दाखवलं होतं, कारण खरा वाढदिवस कोणाच्या लक्षात नसतो म्हणाले. पिशव्या शिवणाऱ्या दोघा भावांचा पहिला वाढदिवस एकाच दिवशी आला. दोघांचं मशीन एकच. बाकावर जागा उरली नाही, तेव्हा मशीनं जमिनीवर ओळीने ठेवायला लागली.

चिडला तो एक पडदेवाला. हा पोरखेळ तुम्हाला शोभत नाही, असं त्याने खरमरीत लिहिलं. इतके सगळे खुश, पण भावोजी त्या एकालाच उराशी धरून बसले. मला म्हणाले, तो रकाना आजच्या आज नीट करून टाक. मी आधी चहा घेते म्हटलं. मग दुकानातला दोरा संपलाय, आणते म्हटलं, मग आठवलं की ऑफिसात काम आहे. मुद्दाम करत होते. माणूस इतक्या दिवसांनी शीळ घालत काम करत होता, तो रकाना नीट करायला मला काय वेड लागलं होतं?

थोरल्या भावाला उत्तर द्यायचा दिवस आला. संध्याकाळी त्याचा फोन यायचा होता. भावोजी सकाळपासून घड्याळाकडे बघत होते. एवढ्यात ताई आली, धापा टाकत, हातात स्वतःचं मशीन. ताई त्यांची बायको व्हायच्या आधी गिऱ्हाईक होती. ओळखच त्या दुकानातली, आणि तिचं नाव यादीत तेव्हापासून तसंच होतं. तिचं मशीन कित्येक वर्षं कुरकुरत होतं आणि भावोजी कित्येक वर्षं 'उद्या बघतो' म्हणत होते. ती सरळ रांगेत शेवटच्या स्टुलावर जाऊन बसली.

"मी अकरा वर्षांची झाले," ती म्हणाली.

सगळं दुकान हसलं. भावोजी पुटपुटले, घरी बघतो.

"घरी अकरा वर्षं बघताय. गोदामात गेलात तर हे उघडणार कोण?"

भावोजींच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर तसाच राहिला. "म्हणजे? मी तिकडे जावं असं तुला वाटत नव्हतं?"

"मी कधी म्हटलं?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलं होतंत?"

खरंच विचारलं नव्हतं. बायको कुरकुरली की कळेल, असंच त्यांचं चाललं होतं. आजोबांनी आपलं मशीन बाजूला सरकवलं आणि आधी हिचं घ्या म्हणाले.

थोरल्याचा फोन आला तेव्हा भावोजींचे दोन्ही हात तेलात होते. मी फोन त्यांच्या कानाला धरला. "दादा, मला नाही जमणार. हातात काम आहे," एवढंच ते म्हणाले, आणि पलीकडचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ताईने चिंधीवर टाके घालून बघितले. मशीनची कुरकुर बंद झाली होती. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत.

हात धुऊन भावोजी कॉम्प्युटरपुढे बसले आणि ताईच्या नावापुढे त्यांनी आजची तारीख टाकली. मी म्हटलं, आता तरी रकाना नीट करू का? नको म्हणाले, पुढच्या वर्षी हिचा पहिला वाढदिवस आहे, तो चुकायला नको. मग चष्मा खाली ओढून त्यांनी पडदेवाल्याचा नंबर शोधला, एकदा ताईकडे बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून गिऱ्हाइकाला फोन लावला.

"शुभेच्छा चुकून गेल्या, राग मानू नका," ते म्हणाले. "पण मशीनला वर्ष झालंय. घेऊन या."