आभार कोण मानणार?

आमच्या विद्यापीठाला इमारत नाही, असं सांगितलं की लोकांना वाटतं अनुदान अडकलंय. तसं नाही. इमारत नसणं हीच कल्पना आहे. विद्यार्थ्यानं शहरात यायचं नाही, शिक्षकानं गावात जायचं. धडा शिकवायचा नाही, गावातली एक अडचण वर्षभर अभ्यासायची आणि शेवटी विद्यार्थ्यांनी आपल्याच गावासमोर उभं राहून ती मांडायची. कल्पना झकास आहे. फक्त ती काढणाऱ्यांपैकी कुणी पूर्णेहून निघून, परभणीला गाडी सोडून, जिंतूरची एसटी धरून, फाट्यावर उतरून पुढं पायी चाललेलं नाही. ते मी करते. क्रांती त्यांची, चप्पल माझी.

या नोकरीआधी मी पत्रकं लिहायचे. चौकात वाटायची, एका दमात वाचून व्हावीत अशी. त्यातलं सगळ्यात गाजलेलं पत्रक सत्कारांविरुद्ध होतं. शाल, श्रीफळ, फेटा आणि एकमेकांना 'आपले लाडके' म्हणणं, यात मराठवाड्याची निम्मी दुपार वाया जाते, असं मी त्यात लिहिलं होतं. आजही माझं तेच मत आहे.

माझा वर्ग मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात भरायचा. बहुतेक सुना आणि काही मुली. त्यातली एक सून सगळ्यांच्या पुढं. बारावी झाली की लग्न झालेली, आणि शिकायचं म्हटल्यावर सासऱ्यांनी अट घातलेली, "वर्ग गावात असंल तर शीक. जिंतूरला जायचं न्हाई." विद्यापीठाचीही अट होतीच. वर्षाअखेरीला समिती येणार, विद्यार्थी गावासमोर बोलले तर वर्ग गावात राहणार, नाही बोलले तर जिंतूरला हलणार. म्हणजे त्या एका दुपारी बोलायला मिळालं नाही, तर हिचं शिक्षण संपलं.

वर्गानं अडचण निवडली एसटीची. गावाच्या नावानं सुटणारी बसही फाट्यावरच माणसं टाकते आणि तिथूनच माघारी वळते, गावात येत नाही. मला तर हुरूपच आला. डेपोविरुद्धचं पत्रक मी त्याच आठवड्यात लिहून नेलं.

सून म्हणाली, "लय भारी हाय म्याडम. पर आदी डायवरला इचारावं का?"

आम्ही फाट्यावर जाऊन विचारलं. ड्रायव्हर म्हणाला, "मला काय इचारायलाव? तुमच्या कमानीला इचारा."

गावाच्या तोंडाशी सिमेंटची स्वागतकमान आहे. सरपंचांनी वडिलांच्या स्मरणार्थ बांधलेली, वर दोन सिंह. मुलींनी बैलाचा कासरा बसच्या टपावरून खाली सोडून उंची घेतली, मग तोच कासरा कमानीला लावला. बस कमानीपेक्षा वीतभर उंच भरली. बांधली तेव्हा कमान पुरेशी होती. पुढं सरपंचांनीच तिच्याखालून सिमेंटचा रस्ता केला, जुन्या रस्त्यावर चांगला जाड थर दिला. रस्ता वर आला, सिंह होते तिथंच राहिले. गावानं आपल्या हातानं बस अडवली होती आणि दरवर्षी डेपोला निवेदनं देत होतं. माझ्या पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मग मुलींनी कमानीचं चित्र काढलं.

समिती यायच्या आधी मी सरपंचांना बजावून आले, सत्कार नको.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "सत्कार बिलकुल न्हाई. निसतं स्वागत."

समिती आली. निसतं स्वागत सुरू झालं. प्रत्येकाला फेटा बांधायला स्वतंत्र माणूस, तरी एका बाईंच्या डोक्यावर तो काही बसेना. मग सरपंचांचं भाषण झालं आणि त्यात अशी कमान जिल्ह्यात दुसरी नाही हे तीनदा आलं. समितीच्या अध्यक्षांना पुढं सेलूकडच्या गावाला जायचं होतं, ते फेट्याखालून घड्याळाकडं बघायला लागले. तेवढ्यात सरपंच माइकवर म्हणाले, "येळ कमी असल्यामुळं इद्यार्थ्यांचं मनोगत आपण रद्द करू. आता आभार."

मी ताडकन उठले. "मनोगत रद्द कसं होईल? त्याच्यासाठीच तर..."

"म्याडम, बसा, बसा. तुमचं तर ऱ्हायलंच."

आणि मला शाल घातली, हातात नारळ दिला. माणसाला गप्प करायचा याहून पक्का उपाय मी पाहिलेला नाही. नारळ धरलेल्या हातानं टेबल आपटता येत नाही.

आता आभार कोण मानणार? अध्यक्षपद पुरुषांना आणि आभार बायांना, ही वाटणी आमच्याकडं कुणी न ठरवता ठरलेली असते. यावरही मी एक पत्रक लिहिणार होते. पण सून केव्हाच माइकपाशी पोचली होती.

आभारात एक गंमत असते. भाषणातून लोक उठून जातात, आभारातून कुणी उठत नाही, कारण प्रत्येकाला आपलं नाव यायचं असतं. मधे बोलणं तर शक्यच नाही.

"सरपंच मामांचे आभार," ती म्हणाली, "त्यांनी कमान बांधली." टाळ्या. "नंतर त्यांनी कमानीखालून रस्ता केला, त्याचेबी आभार." टाळ्या. "त्यानं रस्ता वर आला, कमान तितंच राहिली आन् बस कमानीपेक्षा वीतभर उंच झाली. म्हणून बस फाट्यावरनं वळायलीय. बस न्हाई म्हणून ज्या पोरी सातवीनंतर घरी बसल्या, त्या हितं बसल्यात, त्यांचे आभार." टाळ्या वाजल्या. सवयीनं सरपंचांनीही वाजवल्या, आणि हात मधेच थांबले.

तिनं कासरा दाखवला, ड्रायव्हरचे आभार मानले, मग डेपोचे, इतकी निवेदनं वाचल्याबद्दल. शेवटी सासऱ्यांचे मानले, वर्गाला येऊ दिल्याबद्दल. सासरे उठले. मला वाटलं, संपलं.

"मंग कमान उचलायची का रस्ता खोदायचा?" त्यांनी सरपंचांना विचारलं.

सभामंडपात एकच कालवा झाला. निम्मे कमानीकडून, निम्मे रस्त्याकडून, एक म्हातारा सिंह काढा म्हणत होता. सिंहांचा काय संबंध, कुणी विचारलं नाही. समितीच्या अध्यक्षांनी फेटा काढून मांडीवर ठेवला आणि घड्याळ बघायचं सोडलं. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "हे तुम्ही पुढच्या वर्षी अभ्यासाला घ्या."

"फुडच्या वर्षी?" सरपंच म्हणाले. "म्हंजे वर्ग हितंच ऱ्हाणार का काय?"

"कमान हितंच हाय मामा," सून म्हणाली. "वर्ग कुठं जाईल?"

संध्याकाळी मी शाल, नारळ घेऊन फाट्याकडं निघाले. सरपंच कमानीखाली उभे होते, मान वर करून सिंहांकडं बघत. मी जवळून जाताना खाली न बघताच म्हणाले, "म्याडम, फुडच्या वर्षी आभार मी मानणार. तुमचे."